सात नंबरचा नारळ

माधवराव कंधारकरांना नांदेडच्या ज्ञानदीप कॉलनीत राहायला येऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्या दोन वर्षांत पाण्याच्या टाकीखालच्या कट्ट्यावरून त्यांना एकदाही कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं. 'या' म्हणायचे. 'राम राम' म्हणायचे. 'चाललात का?' हे तर ते कट्ट्यापाशी पोचायच्या आधीच म्हणायचे. पण 'बसा' नाही.

यात कट्ट्याचा दोष काढता येणार नाही. माधवराव लेखापरीक्षणातून निवृत्त झालेले. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांतल्या शाळा, ग्रामपंचायती, अंगणवाड्या त्यांनी चौतीस वर्षं तपासल्या. प्लॉट घेताना सात-बारा तपासला, नकाशा तपासला, नाली कुठून जाते तेही तपासलं. तपासायचे राहिले ते शेजारी. डाव्या हाताला निघाले शेषेराव गुरुजी, जळकोटजवळच्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या क्रीडासाहित्यात माधवरावांनी एक फुटबॉल कमी काढला होता. समोर संगप्पा, धर्माबादकडचे ग्रामसेवक. चाळीस फूट पाइप. मागच्या गल्लीत केवळाबाई, मुखेडकडच्या अंगणवाडीताई. खिचडीच्या पातेल्याचं झाकण. कट्ट्यावरच्या बाकीच्यांचंही थोडंफार असंच. मोकळ्या मनाने बोलणारे एकटे महांतेश जमादार, कारण पोलीस खातं माधवरावांच्या कक्षेत येत नव्हतं. "नायतर माझाबी दंडुका मोजला असता की साहेबांनी," असं ते म्हणत, आणि मग तेही जरा सरकून बसत. म्हणजे जागा करायला नव्हे, जागा भरायला.

तर एका संध्याकाळी माधवराव दूध घेऊन परतत होते आणि कट्ट्यावर हमरीतुमरी चालू होती. टीव्हीवर आठ दिवसांपासून जाहिरात चालली होती: मराठी सिनेमांचा 'रुपेरी तुरा' पुरस्कार सोहळा, येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी, संध्याकाळी सात वाजता. सर्वोत्कृष्ट नटी कोण ठरणार यावर दोन तट पडले होते.

"ती वकिलीणबाई झालेली. लिहून देतो," शेषेराव म्हणत होते.

"छ्या! ती नुसती वरडून राहिली सिनेमाभर," संगप्पा म्हणाले. "बैलगाडीच्या सिनेमातली बघा. काय रडली! माझी बायको दोन दिवस जेवली न्हाई."

"तुमची बायको चतुर्थीला बी जेवत न्हाई, तिचं काय घेऊन बसलात," महांतेश म्हणाले.

माधवरावांचे पाय थांबले. 'लिहून देतो' हे शब्द कानावर पडले की त्यांचे पाय थांबतातच. दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेत ते म्हणाले, "वाद कशाला? प्रत्येकाने आपला अंदाज लेखी द्यावा. सीलबंद. सोहळा झाला की फोडू. ज्याचे जास्त बरोबर, तो विजयी."

माधवरावांना वाटलं, आता 'चाललात का' येणार. पण शेषेरावांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "घ्या की. कंधारकर साहेबांना लेखीशिवाय करमतं कुठं?"

टोमणाच होता. पण त्यात आपलं नाव आलं याचाच माधवरावांना एवढा आनंद झाला, की घरी येऊन दूध त्यांनी फ्रिजऐवजी पुस्तकांच्या कपाटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी 'नमुना एक' तयार होता. बारा पुरस्कार, बारा ओळी, चार रकाने, चौदा सूचना. अंदाज निळ्या शाईतच लिहावा. खाडाखोड केल्यास शेजारी संक्षिप्त सही करावी. शेवटचा रकाना होता 'अंदाजाचा आधार', कारण आधाराशिवाय नोंद माधवरावांनी चौतीस वर्षांत कुणाची मान्य केली नव्हती. हा रकाना लक्षात ठेवावा, पुढे कामाला येणार आहे.

"अहो, पण हे सगळं..." चंद्रप्रभाबाई स्वयंपाकघरातून काही सांगायला लागल्या.

"मधे बोलू नकोस, बेरीज चुकते," माधवराव म्हणाले. बेरीज कसलीच नव्हती. सवय होती.

आता बक्षीस काय ठेवायचं? वर्गणी काढावी असं ठरत होतं, तोच महांतेश जमादार उठून उभे राहिले.

"पैसा मधे आला की जुगार. मी सांगून राहिलो. कलम मला पाठ हाय."

"कोणतं कलम?"

"पाठ हाय म्हणलं ना. नंबर कशाला पायजे तुम्हाला?"

बराच काथ्याकूट झाला. शेवटी महांतेशनीच मोकळीक दिली: नारळ. नारळाला कलम नाही. प्रत्येकाने एक नारळ जमा करायचा, जिंकेल त्याने सगळे न्यायचे. स्पर्धक अकरा झाले, म्हणून नारळ अकरा. माधवराव स्वतः उतरले नाहीत. तपासणाऱ्याने खेळायचं नसतं. त्यांनी मार्करने एकेका नारळावर नंबर टाकला, एकेकाला पावती दिली आणि नारळ देवघराच्या कोपऱ्यात रचून ठेवले. शेषेरावांचा नंबर सात.

पाकिटं लाखेने सील करायची हा आग्रहही त्यांचाच. लाख वितळवायला त्यांनी हाताला लागलं ते चहाचं पातेलं घेतलं. चंद्रप्रभाबाईंच्या माहेरून आलेलं, लग्नातलं. त्यानंतर त्यात चहा काही झाला नाही. पण पाकिटं अशी झाली की मंत्रालयातून आल्यासारखी दिसावीत. "वा!" संगप्पा आपल्या पाकिटाचा वास घेत म्हणाले, "माझ्या सस्पेन्शनच्या ऑर्डरीला बी एवढं सील नव्हतं." आणि सगळे हसले. माधवरावही हसले. चारचौघांत हसायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते जरा उशिरा सुरू झाले आणि एकटेच उरले, पण हसले.

राहिला प्रश्न जागेचा. अकरा स्पर्धक आणि त्यांची घरची माणसं एका दिवाणखान्यात मावणार नव्हती. सोसायटीच्या सभागृहात मोठा टीव्ही होता. त्याच्या किल्ल्या सचिव यज्ञेशकडे. वय वर्षं एकतीस, पण फाइल हातात घेतली की साठीचा वाटायचा.

"काका, अर्जाला जावक क्रमांक न्हाई."

माधवराव क्रमांक टाकून आले.

"काका, कार्यक्रमाचा प्रकार लिहा. रजिस्टरला तीनच रकाने हायत. धार्मिक, राष्ट्रीय, कौटुंबिक."

"अंदाज स्पर्धा."

"ते कशात बसवू मी? धार्मिक म्हणलं तर भोंग्याची परवानगी लागती. राष्ट्रीय म्हणलं तर झेंडा लागतो. कौटुंबिक टाका."

"टाक."

"कौटुंबिकात पोटप्रकार हाय. बारसं, वाढदिवस, साखरपुडा, तेरावं."

आयुष्यभर दुसऱ्यांची बिलं 'रकाना रिकामा' म्हणून परत पाठवणारा माणूस तीन दिवस तीन चकरा मारत होता. चौथ्या दिवशी तीन रकान्यांच्या त्या रजिस्टरसमोर त्याने मान टाकली. तेरावं नको, बारसं शक्य नाही, वाढदिवसाला जन्माचा दाखला लागतो. शेवटी नोंद झाली ती अशी: 'कौटुंबिक – साखरपुडा. आयोजक मा. गो. कंधारकर.' रजिस्टर वऱ्हांड्यात दोरीला बांधलेलं असे आणि कॉलनीत ते वाचायला मोकळी माणसं भरपूर होती. देवघरात नारळांची रास आहे हे गल्लीला आधीच ठाऊक झालेलं. दोन आणि दोन करायला लातूरला शिकवणी लावावी लागत नाही. रविवारी दुपारी दोन बायका खण-नारळ घेऊन दारात उभ्या. "मुलगी कुठली केली?" चंद्रप्रभाबाईंनी त्यांना कुंकू लावलं, चहा दिला (नव्या पातेल्यातला), नारळ परत हातात घातले आणि खण ठेवून घेतले. "खण परत करायचा नसतो," असं त्या नंतर म्हणाल्या. यावर माधवरावांकडे नियम नव्हता.

संध्याकाळी सात वाजता सभागृह भरलं. कुणी पापड आणले, कुणी शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. माधवराव पांढरा शर्ट घालून पाकिटांच्या पेटीशी बसले होते. मधेच संगप्पांनी न विचारता त्यांच्या हातात भाकरीचा तुकडा दिला. माधवरावांनी तो लगेच खाल्ला नाही. थोडा वेळ नुसता हातात धरून बसले.

सोहळा तीन तास चालला. त्यातला एक तास साबणाच्या जाहिरातींचा. बैलगाडीवाली नटी जिंकली, संगप्पांनी शिट्टी मारली, शेषेरावांनी तोंड फिरवलं. संपताच पेटी उघडली. सील तपासून माधवराव एकेक पाकीट फोडू लागले. शेषेराव, बारापैकी चार. संगप्पा, पाच. आधाराच्या रकान्यात संगप्पांनी लिहिलं होतं: 'तिचं रडणं मनाला पटलं.' महांतेश, दोन, आधार: 'संशय.'

शेवटचं पाकीट केवळाबाईंचं.

एक बरोबर. दोन. तीन. सहाव्याला सभागृह शांत झालं. नवव्याला लोक खुर्च्या पुढे ओढू लागले. बारावा पुरस्कार ध्वनिसंयोजनाचा, ज्याचं नाव त्या माणसाच्या घरच्यांशिवाय कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. तोही बरोबर. आणि खाली, नमुन्यात नसलेली, हाताने आखलेली तेरावी ओळ: 'जीवनगौरव', आणि तासापूर्वी ज्यांना शाल मिळाली त्या म्हाताऱ्या दिग्दर्शकाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

अकराच्या अकरा माना माधवरावांकडे वळल्या. पाकिटं कुणाकडे होती? सील कुणी केलं होतं?

माधवरावांच्या कानशिलांतून घाम निघाला. त्यांच्या नजरेखाली कितीतरी माणसं अशी घामाघूम झालेली त्यांनी पाहिली होती. तो घाम थंड असतो, हे त्यांना आज कळलं.

"केवळाबाई," शेषेराव उठले. "हे तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हंजे? आधार लिव्हलाय की शेवटच्या रकान्यात. वाचा."

माधवरावांनी वाचलं. बाराही ओळींपुढे एकच शब्द होता: 'पेपर.'

"पेपरात आलं हुतं. तीन हप्ते झाले असतील," केवळाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, साहेबांनी परीक्षा ठेवलीय, सामान्यज्ञानाची. म्हणून डब्याखालचा कागद काढला आन् उतरून घेतलं. गुरुजी, तुमी पेपर घेता ना?"

गुरुजी पेपर घेत होते, पण अग्रलेखापुरता. संगप्पा धर्माबादच्या मिरचीचा भाव बघत. महांतेश गुन्ह्यांचं पान. सिनेमाचं पान सगळ्यांच्या घरी थेट डब्याखाली जात होतं. सोहळा मुंबईत कधीच होऊन गेला होता. टीव्हीवर दाखवायला उशीर झाला, एवढंच.

"जाहिरातीत त्या नट्या नाचताना दाखवत होते," मागून चंद्रप्रभाबाई शांतपणे म्हणाल्या, "त्या काय पुढच्या रविवारी नाचणार होत्या? मी सांगत होते, तर म्हणे बेरीज चुकते."

शेषेरावांनी चष्मा पुसला. पंचवीस वर्षं वाट पाहिलेला माणूस चष्मा पुसताना घाई करत नाही.

"कंधारकर साहेब. कार्यक्रम झाल्याची तारीख?"

माधवरावांनी हातातलं पाकीट पालथं घातलं.

"अंदाज मागवल्याची तारीख?"

"गुरुजी..."

"म्हणजे लेखापरीक्षकांनी, झालेल्या गोष्टीचा, लेखी, सीलबंद अंदाज मागवला. ठीक आहे. केवळाबाई जिंकल्या. द्या त्यांचे नारळ."

देवघरातून आणलेले नारळ मोजले. दहा. पुन्हा मोजले. माधवरावांनी स्वतः मोजले, मार्करचे नंबर वाचत. पाच, सहा, आठ.

चंद्रप्रभाबाई पदर सावरत पुढे आल्या. "संकष्टीला फोडला मी. घरात अकरा नारळ रचलेले असताना मी बारावा आणायला उन्हात दुकानात जाऊ?"

"सात नंबर," शेषेराव हळूच म्हणाले. "माझा."

माधवराव कंधारकरांच्या ताब्यातली एक वस्तू कमी भरली होती. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी रिकामी पेटी उचलली आणि घरी गेले.

तीन दिवस ते बाहेर पडले नाहीत. दूध चंद्रप्रभाबाई आणत. संध्याकाळी कट्ट्यावरून हसण्याचा आवाज येई आणि माधवराव खिडकी लावून घेत. नारळाचं दुःख नव्हतं. भाकरीच्या त्या तुकड्याचं होतं. दोन वर्षांनी हातात आला आणि आता परत कधी येणार?

"जाऊन सॉरी म्हणा आणि मोकळे व्हा," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

"सॉरी हा शब्द कोणत्याच नमुन्यात बसत नाही," माधवराव म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

चौथ्या दिवशी दुपारी दारातून एक पाकीट आत सरकलं. लाखेने सील केलेलं. आत शेषेरावांच्या वळणदार मुख्याध्यापकी अक्षरात तीन पानं: 'लेखापरीक्षण अहवाल. तपासणी पथक: कट्टा.' परिच्छेद एक, झालेल्या घटनेचे अंदाज मागवून स्पर्धकांचा वेळ वाया घालवला. परिच्छेद दोन, सभागृह साखरपुड्यासाठी घेतलेले दिसते; साखरपुडा झाल्याचे आढळून आले नाही; वधू-वर तपासणीस सादर करावेत. परिच्छेद तीन, खण दोन जमा, नोंद नाही. परिच्छेद चार, चहाचे पातेले एक निकामी, सौ. कंधारकर यांची निर्लेखनाची (मोडीत काढण्याची) मंजुरी घेतलेली नाही. परिच्छेद पाच, नारळ क्रमांक सात. शेवटी: 'अनुपालन समक्ष, संध्याकाळी सहा वाजता, कट्ट्यावर सादर करावे.'

माधवरावांनी तो अहवाल तीनदा वाचला. भाषा त्यांचीच होती, शब्द न् शब्द. जळकोटच्या त्या शाळेला पाठवलेला कागद गुरुजींनी इतकी वर्षं जपून ठेवला होता की काय? आणि त्यांना पहिल्यांदाच उमगलं, की असा कागद हातात आला की माणसाचं काय होतं. फुटबॉल. तो मुलांनी खेळून फाडला असणार, दुसरं काय होणार फुटबॉलचं? झाकण कुणी नेलं असेल? पावसात खिचडी झाकायला केवळाबाईंनी काय ठेवलं असेल पातेल्यावर?

ते टेबलाशी बसले. खुलासा लिहायला त्यांना दोन तास लागले. दुसऱ्यांना ते सात दिवस देत; तेव्हा त्यांना ते पुष्कळ वाटत.

सहाला ते कट्ट्यासमोर उभे राहिले. हातात कागद, बगलेत पिशवी. कुणी 'चाललात का' म्हटलं नाही.

"वाचा," शेषेराव म्हणाले.

"परिच्छेद एक. चूक मान्य. आयुष्यभर झालेल्या गोष्टीच तपासल्या, त्यामुळे पुढे होणाऱ्या गोष्टीला हात कसा लावायचा याचा अनुभव नाही." माधवरावांनी पुढची ओळ बोटाने धरली. "परिच्छेद दोन. वधू-वर उपलब्ध नाहीत. रकाना तेवढाच होता. पूर्वी ज्यांना रकान्यांवरून मी परत पाठवलं, त्यांची या निमित्ताने आठवण झाली."

संगप्पांनी उगाच टाकीकडे पाहिलं.

"परिच्छेद तीन. खणांचं काय करावं, मार्गदर्शन व्हावं. परिच्छेद चार. मंजुरी मागितली. मिळाली नाही. मिळण्याची शक्यताही नाही."

"ते खरं हाय," महांतेश म्हणाले. "काल वैनी दुकानात सांगत हुत्या."

हशा झाला. शेषेरावांनी खिशातून निळं पेन काढलं आणि एकेका परिच्छेदावर रेघ मारली. "वगळला. वगळला. खण केवळाबाईंना द्या, वगळला. पातेल्याचा निकाल घरी लागेल, वगळला. आता पाचवा."

माधवरावांनी पिशवीतून नवा नारळ काढला. मोठा, शेंडीचा, निवडून आणलेला. त्यावर मार्करने सात लिहिलं होतं.

शेषेरावांनी तो हातात घेतला, कानाशी हलवला, पाणी ऐकलं. मग परत दिला.

"हा तो नारळ नव्हे."

"गुरुजी, त्याच्यापेक्षा मोठा आहे."

"फुटबॉलच्या वेळी मीही नवा आणून दिला होता. लातूरहून, पदरच्या पैशाने. तुम्ही काय शेरा मारलात, आठवतं?"

माधवरावांना आठवत होतं. असे शेरे ते विसरत नसत. मान खाली घालून त्यांनी म्हटलं, "नवीन वस्तू ही मूळ वस्तू नव्हे. सबब आक्षेप कायम."

"मग लिहा. स्वतःच्या अक्षरात."

माधवरावांनी कट्ट्याच्या कडेवर कागद टेकवून लिहिलं. त्याखाली शेषेरावांनी आपली ओळ जोडली आणि मोठ्याने वाचून दाखवली: "मूळ नारळ सापडेपर्यंत आयोजकांनी रोज संध्याकाळी सहा वाजता समक्ष हजर राहून प्रगती सांगावी. यात सूट नाही."

माधवरावांना समजायला जरा वेळ लागला. कायम ठेवलेल्या परिच्छेदाचं आयुष्य किती असतं, हे त्या कॉलनीत त्यांच्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं. माणसं निवृत्त होतात, कचेऱ्या नव्या इमारतीत जातात, परिच्छेद तिथंच असतो. आणि संकष्टीला फोडून, वाटून खाल्लेला नारळ कोणत्या जन्मात सापडणार?

"मान्य आहे," ते म्हणाले. "मान्य आहे, गुरुजी. फार मान्य आहे. उपकार झाले."

केवळाबाईंनी पदराखालून डबा काढला. दहा नारळांच्या वड्या केल्या होत्या. डबा उघडाच होता. वर पेपरचं पान घातलेलं होतं.

"झाकण न्हाई ह्याला," माधवरावांकडे बघत त्या म्हणाल्या. "हिसाबात धरू नका."

माधवरावांनी वडी घेतली. आता घरी जायला हवं म्हणून ते वळलेही, कारण दोन वर्षांत पायांना तेवढंच माहीत होतं.

"साहेब, कुठं निघालात?" संगप्पा म्हणाले. "नारळाची प्रगती सांगा की आजची."

"आज... शोध चालू आहे."

शेषेराव महांतेशच्या बाजूला सरकले. महांतेश संगप्पाच्या बाजूला सरकले. कट्ट्यावर मधोमध एका माणसापुरती सिमेंटची जागा मोकळी झाली.

"चालू आहे ना?" शेषेराव म्हणाले. "मग बसा."